जळगावहून विमानाने: हवाई अंतर, प्रत्यक्ष लागणारा वेळ आणि रेल्वेचा वळसा

मेहरूणकाठ

जळगावहून मुंबई, पुणे, हैदराबाद, अहमदाबाद आणि गोवा या ठिकाणांसाठी गेल्या काही वर्षांत विमानसेवा सुरू झाल्या आहेत, आणि त्यामुळे आपल्याकडे अंतर किती व वेळ किती हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तरादाखल प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो, कारण कोणी रस्त्याचे अंतर सांगतो, कोणी रेल्वेचे, तर कोणी तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून मोकळा होतो. म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा असे वाटले.

हवाई अंतर म्हणजे एका विमानतळाच्या ठरवून दिलेल्या संदर्भबिंदूपासून दुसऱ्या विमानतळाच्या संदर्भबिंदूपर्यंतचे, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. कुसुंब्याजवळचा आपला विमानतळ साधारण २०.९६ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.६३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व या ठिकाणी आहे. अक्षांशांतला फरक १.८७ अंशांचा आहे आणि एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर उत्तर-दक्षिण अंतर २०८ किलोमीटर होते. रेखांशांतला फरक २.७६ अंशांचा आहे; आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किलोमीटरचा असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर २८८ किलोमीटर होते. या दोन बाजूंचा कर्ण शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाने काढला, की उत्तर सुमारे ३५५ किलोमीटर येते. वैमानिकांच्या मापात हे १९२ सागरी मैल होतात, कारण एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. एवढ्या छोट्या पल्ल्यावर पृथ्वीच्या गोलाईमुळे या हिशेबात जाणवण्याइतका फरक पडत नाही.

याच रीतीने जळगाव ते पुणे सुमारे ३२० किलोमीटर, अहमदाबाद सुमारे ३९०, हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सुमारे ५१० आणि गोव्यातील मोपा विमानतळ सुमारे ६१० किलोमीटर भरतो.

आता वेळेकडे वळू. जळगावची धावपट्टी १,७०० मीटरची आहे, आणि तेवढ्या लांबीवर सत्तरेक आसनांची, पंख्याची एटीआर ७२ जातीची विमाने सहज ये-जा करू शकतात. मोठी जेट विमाने प्रवाशांनी भरलेली असताना त्यांना साधारणपणे याहून लांब धावपट्टी लागते. एटीआरचा कमाल प्रवासवेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास असतो. ताशी ५०० धरून ३५५ किलोमीटरला भागले तर ४३ मिनिटे येतात, पण वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपासची वेळ दिसते. या दोहोंतला अर्धा तास कुठे जातो, हे समजून घेण्यासारखे आहे.

वेळापत्रकातली वेळ ही विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास येतो, उंची गाठतानाचा कमी वेग येतो, आणि उतरण्यापूर्वी वेग कमी करून रांगेत येण्याचा वेळही येतो. मुंबईला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही आणि जवळजवळ सारी वाहतूक एकाच धावपट्टीवरून चालते. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्या यामुळेच. परतताना आणखी एक गोष्ट घडते. मुंबईहून विमाने बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उडतात, म्हणजे आधी अरबी समुद्रावर जातात आणि मग वळून ईशान्येला आपल्या दिशेने येतात. नकाशावरच्या सरळ रेषेत हा फेरा धरलेला नसतो.

---

भुसावळकर

मांडणी चांगली झाली आहे, भाऊ, पण मला तिच्यात एका गोष्टीची उणीव वाटते, आणि ती म्हणजे रेल्वे. आमच्या गावाचा संसारच रेल्वेवर उभा असल्याने हे सांगणे मला आवश्यक वाटते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जळगाव ४२० किलोमीटरवर आहे आणि भुसावळ ४४४ किलोमीटरवर. २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी सुरू झाली, ती जळगाव–मुंबई हे अंतर साधारण पाच तासांत कापते. इतर मेल-एक्सप्रेस गाड्यांना सहा ते आठ तास लागतात. त्याच्या शेजारी विमानाचा पूर्ण हिशेब मांडून पाहा. भुसावळातल्या घरातून निघून विमानतळावर पोहोचायला पाऊण ते एक तास, उड्डाणापूर्वी किमान दीड तास आधी हजर राहणे, प्रवासाचा सव्वा तास, सामान मिळून बाहेर पडायला अर्धा तास आणि मुंबईत इच्छित ठिकाणी पोहोचायला निदान एक तास. ही बेरीज पाच तासांच्या वर जाते. दिवसाच्या गाडीशी तुलना केली तर वेळेची काही बचत होते हे खरे, परंतु रात्रीच्या गाडीत माणूस झोपलेला असतो आणि पहाटे दादरला उतरतो. त्या झोपेच्या तासांना वाया गेलेला वेळ म्हणणे मला पटत नाही.

---

सराफकट्टा

भुसावळकरांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. आमच्या व्यवसायात मुंबईचे काम म्हणजे झवेरी बाजार. रेल्वेने उतरलो तर टर्मिनसपासून झवेरी बाजार अगदी जवळ आहे. विमानाने गेलो तर विमानतळ उपनगरात आणि काम दक्षिण मुंबईत, अशी स्थिती होते. मात्र ज्यांचे काम अंधेरीला, वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा सीप्झ या अंधेरीच्या निर्यात उद्योगक्षेत्रात असते, त्यांच्यासाठी हाच हिशेब उलटा होतो. दुसरी बाब अशी, की भुयारी ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आहे. तिची स्थानके विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी आहेत आणि काळबादेवीलाही आहे, त्यामुळे विमानतळावरून बाजारात येताना रस्त्यावरच्या कोंडीचा अंदाज बांधत बसण्याची गरज उरलेली नाही. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी जाणारे आपल्या भागातले रुग्ण मात्र अजूनही दादरला उतरणेच पसंत करतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्य आहे, कारण स्थानकापासून रुग्णालय जवळ पडते आणि गाडीत आडवे होऊन जाता येते.

---

मेहरूणकाठ

आपण दोघांनीही उपयुक्त मुद्दे मांडले आहेत, आणि मला जे खरोखर सांगायचे आहे ते त्यांतूनच पुढे येते. आपल्याकडे विमानसेवेची चर्चा म्हणजे मुंबईची चर्चा असे समीकरण झाले आहे. माझ्या मते जळगावच्या विमानतळाचे खरे मोल मुंबईच्या सेवेत नसून पुणे, हैदराबाद आणि गोवा यांच्या सेवांत आहे, आणि याचे कारण रेल्वेच्या वळशात आहे.

मुंबईसाठी हवाई अंतर ३५५ आणि रेल्वेचे ४२० किलोमीटर, म्हणजे रेल्वेला केवळ अठरा टक्के जास्त अंतर पडते. मनमाड, नाशिक, इगतपुरी आणि कसारा घाट हा मार्ग जवळजवळ सरळ नैर्ऋत्येला जातो. दीडशे वर्षांहून अधिक जुना असलेला हा लोहमार्ग ज्यांनी आखला, त्यांनी आपल्याला मुंबईशी शक्य तेवढ्या थेट रेषेत जोडले आहे. त्यामुळे तिथे विमान रेल्वेवर फार मोठी मात करू शकत नाही, हे भुसावळकरांचे म्हणणे मला मान्य आहे.

पुण्याचे पाहा. जळगावहून पुण्याला रेल्वेने जायचे तर आधी पश्चिमेला १६० किलोमीटर मनमाडपर्यंत जावे लागते, तिथून दक्षिणेला अहिल्यानगरमार्गे दौंड आणि मग पुन्हा पश्चिमेला पुणे. हे सगळे मिळून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास होते, आणि हवाई अंतर आहे ३२०. म्हणजे रेल्वे जवळजवळ दीडपट अंतर कापते. रस्त्याने जायचे तर अजिंठ्याचा घाट, छत्रपती संभाजीनगर आणि त्यापुढची वाहतूक या सर्वांतून अख्खा दिवस जातो. खानदेशातली किती तरी मुले पुण्यात शिकतात आणि नोकरी करतात. दिवाळीच्या आधी त्या मार्गावरच्या खासगी बसगाड्यांचे भाडे किती चढते, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. तरीही पुण्याच्या विमानाविषयी आपल्याकडे मुंबईच्या मानाने फारच कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते.

हैदराबादचा वळसा याहून ठळक आहे. मनमाडला जाऊन गाडी बदलायची, मग संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड आणि निजामाबाद करत सिकंदराबाद गाठायचे. एकूण अंतर साडेसातशे किलोमीटरच्या वर जाते आणि गाडी बदलण्यासाठी थांबावे लागते ते वेगळेच. आपल्याला जायचे असते आग्नेयेला आणि प्रवास सुरू होतो नैर्ऋत्येला. विमान मात्र ५१० किलोमीटर सरळ जाते, आणि एटीआरलाही त्यासाठी दीड तासाच्या आसपासच वेळ पुरतो.

गोव्याला थेट जाणारी एक गाडी म्हणजे निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस. ती कल्याणपर्यंत जाते आणि तिथून पनवेलमार्गे सारे कोकण उतरून मडगावला पोहोचते. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, त्यामुळे त्या काळात हा प्रवास आणखी लांबतो. निसर्ग पाहण्यासाठी या मार्गासारखा मार्ग नाही, पण दोन-तीन दिवसांच्या कामासाठी जाणाऱ्याला तो परवडत नाही.

म्हणून माझी अशी विनंती आहे, की कोणत्याही ठिकाणासाठी विमान घ्यावे की गाडी हे ठरवताना निव्वळ हवाई अंतराचा आकडा न पाहता रेल्वेच्या अंतराला हवाई अंतराने भागून पाहावे. भागाकार सव्वाच्या आत आला तर रात्रीची गाडी उत्तम. दीडच्या जवळ किंवा वर गेला तर विमानाचा विचार जरूर करावा.

---

पांझराकाठ

हे सगळे जळगाव आणि भुसावळपुरते ठीक आहे, पण खानदेशात आम्ही धुळेकरही आहोत. धुळ्याहून मुंबई आग्रा महामार्गाने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईला जाण्यासाठी आधी विरुद्ध दिशेला, पूर्वेकडे, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जळगावला यायचे आणि मग विमानात बसून पुन्हा धुळ्याच्या बाजूनेच मुंबईकडे जायचे, यात काहीही अर्थ नाही. आमच्या गोंदूरला धावपट्टी आहे, तिचा उपयोग वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी होत आला आहे, परंतु नियमित प्रवासी सेवा तिथून नाही. दिल्ली किंवा हैदराबादला जायचे असेल तर आम्हाला नाशिकजवळचे ओझर सोयीचे पडते, कारण ते महामार्गालगत आहे आणि धुळ्याहून नाशिकला पोहोचण्याच्या आधीच लागते. अंतर जळगावपेक्षा जास्त आहे हे मान्य, पण रस्ता चौपदरी आहे आणि तिथे जेट विमाने उतरतात.

मेहरूणकाठ यांचा भागाकार चांगला आहे, मात्र त्यात घरापासून विमानतळापर्यंतचे अंतर आणि त्याची दिशा हीदेखील धरायला हवी, एवढीच माझी सूचना आहे.

---

तापीतीर

मी शहाद्याची आहे. पांझराकाठ दादांनी धुळ्याविषयी जे लिहिले ते नंदुरबार जिल्ह्याला अधिकच लागू पडते. तापी खोऱ्यातल्या सुरत–भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार जवळपास मध्यावर आहे, म्हणून आमच्यासाठी जळगाव आणि सुरत हे दोन्ही विमानतळ जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात. सुरतेहून दिल्ली, बंगळूरु, हैदराबाद अशा अनेक ठिकाणी मोठी विमाने जातात, त्यामुळे आमच्याकडचे लोक साहजिकच सुरतेला जातात. व्यापार, दवाखाना आणि नातेसंबंध यांमुळेही आमचा ओढा सुरतेकडे आहे. तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावच्या लोकांना तर जळगावच्या विमानतळाचा विचारही मनात येत नाही, कारण आधी नंदुरबार गाठायलाच त्यांचा बराचसा दिवस जातो.

एक प्रश्न विचारते. जाताना आणि येताना विमानाच्या वेळेत काही मिनिटांचा फरक दिसतो, तो कशामुळे? मुलांना भूगोल शिकवताना हे उदाहरण वापरता येईल का?

---

मेहरूणकाठ

ताई, जरूर वापरावे, कारण हे उदाहरण गणित आणि भूगोल या दोन्ही विषयांत बसते. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष मोजला जातो, आणि ती हवा स्वतः वाहत असते. हिवाळ्यात आपल्या भागावर वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. समजा, प्रवासाच्या दिशेत वाऱ्याचा परिणाम ताशी ४० किलोमीटर आहे. मुंबईहून जळगावला येताना विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग ५०० अधिक ४०, म्हणजे ५४० होतो आणि ३५५ किलोमीटरला सुमारे साडेएकोणचाळीस मिनिटे लागतात. जळगावहून मुंबईला जाताना तोच वेग ४६० होतो आणि सव्वाशेहेचाळीस मिनिटे लागतात. फरक सुमारे सात मिनिटांचा पडला. मुलांना यातून एक सुंदर गोष्ट दाखवता येते: वाऱ्यामुळे जाताना जेवढा वेळ वाढतो तेवढाच येताना वाचत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून सव्वापंच्याऐंशी मिनिटे लागली असती. वाऱ्यामुळे ती जवळपास शहाऐंशी झाली. पल्ला लांब झाला की हा फरक वाढत जातो.

धुळे आणि नंदुरबारविषयी आपण दोघांनी लिहिलेले योग्यच आहे. विमानतळाचा उपयोग कोणाला, याचे उत्तर खानदेशात तालुक्यागणिक बदलते. माझ्या अंदाजाने जळगाव, भुसावळ, जामनेर, यावल, रावेर, पाचोरा, एरंडोल आणि धरणगाव एवढ्या पट्ट्याला तो खरा उपयोगी आहे. शेजारच्या बऱ्हाणपूरकरांनाही तो सोयीचा पडू शकेल. चाळीसगावला मात्र मुंबईसाठी रेल्वे आणि इतर ठिकाणांसाठी संभाजीनगरचा विमानतळ हाच पर्याय अधिक सरळ वाटतो.

---

भुसावळकर

वळशाचा मुद्दा पटला. त्यात एक भर घालतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जालना–जळगाव हा १७४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग मंजूर केला आहे, आणि तो अजिंठ्याच्या बाजूने येणार आहे. सध्या जळगावहून जालन्याला मनमाडमार्गे जायचे तर सुमारे ३३५ किलोमीटर पडतात. नवा मार्ग झाला की हैदराबादच्या वाटेवरचे १६० किलोमीटर एकदम कमी होतील, आणि आपल्या भागाकारात रेल्वेचा आकडा दीडवरून सव्वाच्याही खाली येईल. त्या दिवशी हैदराबादच्या विमानाला रेल्वेशी खरी स्पर्धा करावी लागेल. तोपर्यंत मात्र विमानच सरस, हे मी रेल्वेचा माणूस असूनही मान्य करतो.

नव्या नवी मुंबई विमानतळाने काही फरक पडेल का?

---

मेहरूणकाठ

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. जळगावहून त्याचे हवाई अंतर सुमारे ३४५ किलोमीटर भरते, म्हणजे मुंबईच्या सांताक्रूझ येथील जुन्या विमानतळापेक्षा दहा किलोमीटर कमी. उड्डाणाच्या वेळेत हा फरक एका मिनिटाहून थोडा अधिक आहे. परंतु पनवेल, वाशी किंवा बेलापूर परिसरात ज्यांचे काम किंवा नातेवाईक आहेत, त्यांचा जमिनीवरचा वेळ बराच वाचू शकेल. जळगावची सेवा कधी तिकडे गेलीच, तर तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचण्याची खबरदारी मात्र घ्यावी लागेल.

वेळापत्रकांविषयीही सांगतो. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जळगावच्या सेवा आठवड्यातले ठरावीक दिवसच असतात आणि ते दिवस हंगामानुसार बदलतात, म्हणून जुन्या वेळेवर विसंबून लग्नाची किंवा परीक्षेची तारीख बांधू नये. जळगावला केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली होती, ती फार काळ टिकली नाही. त्यानंतरही सेवा बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. या योजनेत एका तासाच्या म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा सुरुवातीला ठेवली होती, पण ती विमानातल्या काही आसनांपुरती होती आणि विमान कंपनीला मिळणाऱ्या सरकारी सवलतीचा कालावधीही तीन वर्षांचा होता. सवलत संपल्यावर सेवा टिकायची तर आसने भरली पाहिजेत, आणि ती भरतील असे मार्ग आपणच मागितले पाहिजेत. मुंबईबरोबरच पुणे आणि हैदराबादसाठीही लोकप्रतिनिधींकडे आणि व्यापारी संघटनांकडे आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते.

---

सराफकट्टा

शेवटचा एक प्रश्न. माझ्या पुतणीला मुंबईहून परदेशी जायचे आहे. जळगावचे विमान पकडून तिथूनच पुढचे विमान घेणे सुरक्षित आहे का?

---

मेहरूणकाठ

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. तिकिटे वेगवेगळी असतील तर ती जबाबदारी प्रवाशावर येते, सामान मुंबईत घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि टर्मिनल बदलायचे असल्यास त्यासाठीही वेळ जातो. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी हजर राहण्यास सांगितले जाते. जळगावचे विमान मुंबईत पोहोचणे आणि पुढचे विमान सुटणे यांत सहा तासांहून कमी अंतर असेल, आणि तिकिटे वेगळी असतील, तर मी तिला आदल्या रात्रीच्या गाडीने पाठवण्याचा सल्ला देईन. जळगावहून त्या दिवशी दुसरे विमान नसते, पण रेल्वेगाड्या दिवसभर आणि रात्रभर असतात. लहान एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पेही छोटे असतात, तेव्हा कागदपत्रे आणि औषधे वेगळ्या लहान पिशवीत जवळ ठेवायला तिला सांगावे.